पोंग्यातलं पाणी : बदनापूरजवळच्या एका ब्रोमेलियाड संग्रहाचं प्रकरण

२४ जून २०२३, शनिवार. सकाळी सातला आक्काचा फोन आला. "मरायलीत गं सगळी. पोंगा ओढला की हातात यायलाय."

ज्वारीच्या रानात लहानाचं मोठं झालेल्या माणसाला हे ऐकून आधी खोडमाशीच आठवते. पोंगेमर झालेल्या ताटाची मधली सुरळी अशीच अलगद उपटून येते आणि तिच्या बुडाला कुजका वास असतो. पण आक्का ज्वारीचं सांगत नव्हती. ती सांगत होती ओसरीवरच्या तिच्या ब्रोमेलियाडचं. नऊ वर्षांत एकेक करून जमवलेली ३६ कुंड्यांतली झाडं आणि जांभळाच्या फांदीला टांगलेल्या चार टिलँडसिया. यातली निम्मी तरी मीच दिलेल्या पिल्लांपासून वाढलेली. त्यामुळे हे प्रकरण मी तिऱ्हाईतासारखं लिहू शकणार नाही. शिवाय त्यात माझ्या एका सल्ल्याचाही हात होता, तो पुढे येईलच.

ज्यांनी ही झाडं पाळलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडं आधी. ब्रोमेलियाड म्हणजे अननसाचं कुळ. साडेतीन हजारांच्या आसपास जाती, जवळजवळ सगळ्या अमेरिका खंडातल्या. एकच तेवढी पश्चिम आफ्रिकेत सापडते. अननस पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आला आणि त्याचं नावही दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून पोर्तुगीजमार्गे तसंच आलं. त्याची भावंडं मात्र बऱ्याच उशिरा, नर्सरीतली शोभेची झाडं म्हणून आली. यातल्या पुष्कळ जाती रानात दुसऱ्या झाडाच्या फांदीवर बसून जगतात. मुळं धरून ठेवण्यापुरती. पोटापाण्याचं काम पानांकडे. पानं बुडाशी एकमेकांना इतकी घट्ट लपेटलेली असतात की मधे वाटी तयार होते. पाऊस त्या वाटीत साठतो, पालापाचोळा पडतो, कुजतो, आणि पानांवरची खवल्यांसारखी सूक्ष्म लव ते पाणी आणि त्यात विरघळलेलं सगळं शोषून घेते. इंग्रजी पुस्तकं त्या जागेला टाकी म्हणतात. मका आणि ज्वारी पेरणाऱ्या आमच्या घरात तिला पहिल्या दिवसापासून पोंगाच म्हटलं गेलं आणि मला तोच शब्द जास्त नेमका वाटतो.

पानावरची लव निवड करत नाही, पोंग्यात जे विरघळलेलं असेल ते आत जातं. या प्रकरणात जे घडलं त्याचं मूळ एवढ्यातच आहे.

घर, झाडं, बोअर

आक्काचं घर बदनापूर तालुक्यात, शेतातच. दाजींची मोसंबीची बाग आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना भागातल्या कितीतरी बागा जळाल्या तेव्हा दाजींनीही निम्मी बाग तोडली होती. उरलेली त्यांनी टँकरच्या पाण्यावर लेकरासारखी जगवली. म्हणून त्या घरात पाणी आणि फवारणी या दोन गोष्टी कुणी हलक्यात घेत नाही. मोसंबीच्या बुंध्याला मृगाच्या तोंडावर बोर्डो पेस्ट लागणार म्हणजे लागणार. मोरचूद (तांब्याचा क्षार) एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर. डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, येऊ नये म्हणून. तेच मिश्रण शंभर लिटर पाण्यात पातळ केलं की फवारणीचं बोर्डो होतं. ही जवळजवळ दीडशे वर्षं जुनी गोष्ट आहे. १८८५ मध्ये फ्रान्सच्या बोर्डो भागात मिलार्डे या शास्त्रज्ञाने ती द्राक्षवेलींसाठी जगापुढे मांडली आणि आजही आपल्याकडच्या फळबागा तिच्यावर उभ्या आहेत.

ओसरी पूर्वेला. सकाळचं ऊन साडेनऊपर्यंत, नंतर सावली. वर ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट. झाडांची मोजदाद अशी : निओरेगेलिया १५, बिलबर्जिया ८, गुझमानिया ५, एक्मिया फॅसिएटा ४, व्ह्रिसिया २, क्रिप्टँथस २. यातली पाच झाडं, म्हणजे तीन बिलबर्जिया आणि दोन निओरेगेलिया, ओसरीवर नव्हती. ती मागच्या बाजूला स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. पुढे सगळा उलगडा या पाचांमुळेच झाला.

पाणी बोअरचं. आमच्या काळ्या दगडातून येणारं, जड. भांड्याला पांढरा थर, डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस नाही. माझ्याकडच्या मीटरवर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, १,२४० आणि सामू (पीएच) ८.१. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने ठरवलेली चांगली मर्यादा ५०० आहे, दुसरी सोय नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. माणूस चालवून घेतो. पोंग्याचं तसं नाही. पोंग्यातलं पाणी उन्हाने उडतं, क्षार मागे राहतात, आपण वरून पुन्हा तेच पाणी ओततो. मे महिन्यात रोज हे चाललं की महिनाभरात पोंग्यातलं पाणी मूळ पाण्याच्या कितीतरी पट खारट होतं. मग पानांवर पांढुरकी रेघ येते, टोकं तपकिरी होतात, लव थराखाली गुदमरते.

मे २०२३ मध्ये आक्काने याचीच तक्रार केली होती. तेव्हा मी तिला सांगितलं, बादलीभर पाण्यात थोडं लिंबूसत्व टाक, सामू सहाच्या आसपास आण, मग घाल. ब्रोमेलियाडला किंचित आंबट पाणी मानवतं, हे खरं आहे. पण आंबटपणाने सामू उतरतो, क्षार जागचे हलत नाहीत. टीडीएस होता तेवढाच राहतो. मला हे माहीत होतं आणि तरी मी अर्धवट उपाय सांगून मोकळी झाले. याची बोचणी मला अजून आहे.

रविवारी ओसरीवर काय दिसलं

मी २५ जूनला सकाळी पोहोचले. मृग कोरडाच गेला होता, आर्द्रा लागून तीन दिवस झाले होते आणि आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

आधी टिलँडसिया पाहिल्या. चारही गेल्या होत्या. रुपेरी पानं राखेच्या रंगाची आणि हाताला लागताच चुरा. अशा रुपेरी टिलँडसियाला पोंगा नसतो, तिची सगळी पानंच लवेने मढलेली असतात आणि हवेतला ओलावा त्यातूनच आत जातो. ज्याच्या नावावरून लिनियसने तिचं नाव ठेवलं तो एलियास टिलांड्झ पाण्याला इतका भ्यायचा की समुद्र टाळण्यासाठी म्हणे आखाताला वळसा घालून जमिनीवरून प्रवास करायचा. झाडाला ओल सोसत नाही या समजातून ते नाव पडलं. प्रत्यक्षात अंगभर पाणी पिणारं याच्याइतकं झाड दुसरं नाही, आणि म्हणूनच पाण्यातलं विष सगळ्यात आधी त्यालाच भोवलं.

मग कुंड्या. गुझमानियांची मधली पाचसहा पानं पिवळी, बुडाशी चॉकलेटी. एक पान चिमटीत धरून वर ओढलं, तर सगळा गाभाच हातात आला. बूड पाणावलेलं, तपकिरी, पण बुरशीचे तंतू कुठे नाहीत. निओरेगेलियांची बाहेरची पानं मात्र धडधाकट, टवटवीत लाल, आणि मधे फक्त बोटभर जागा मेलेली. मला हे खटकलं. क्षारांनी जळतं तेव्हा पान टोकाकडून जळतं, जुनं पान आधी जातं, आणि त्याला महिने लागतात. उन्हाने करपतं तेव्हा उन्हाकडच्या बाजूला पट्टे पडतात. इथे पंधरा दिवसांत, आतून, सगळ्यात कोवळा भाग आधी गेला होता.

दाजी माझ्यामागे उभे होते. म्हणाले, "बाई, हे कूजच दिसायली. सीओसीची एक फवारणी घेऊ का? पंप तयारच हाय."

सीओसी म्हणजे कॉपर ऑक्सिक्लोराईड. मोसंबीवाल्याच्या तोंडी पहिलं हेच नाव येणार. पण ब्रोमेलियाडला तांबं सोसत नाही. हौशी लोकांना शिकवलेला हा पहिला धडा असतो : तांब्याच्या तारेने झाड बांधू नका, तांब्याचं बुरशीनाशक जवळ आणू नका, तांब्याच्या भांड्यात साठवलेलं पाणी पोंग्यात ओतू नका. मी दाजींना थांबवलं आणि विचारलं, हा पंप शेवटचा कशाला वापरला?

"बोर्डोला. मृगाच्या आधी."

"आणि त्यानंतर?"

आक्का म्हणाली, "त्यानंतर मीच वापरायले की. रोज."

पंप

तिचे गुडघे दुखतात. ३१ कुंड्यांना लोट्याने पाणी घालत वाकणं मे महिन्यातच अवघड झालं होतं. दाजींनी बोर्डो मारून पंप एकदा विसळून ठेवला, तो तिने ९ जूनपासून घेतला. पंधरा लिटर बोअरचं पाणी, त्यात चहाचे दोन चमचे लिंबूसत्व, पाठीवर पंप, आणि उभ्याउभ्या नोझलने सगळ्या पोंग्यांवर फवारा. उन्हाळा लांबला म्हणून रोज. स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या पाच झाडांना मात्र ती भांडी घासताना हातासरशी लोट्याने पाणी घालायची. बोअर तीच, हवा तीच. ती पाचही झाडं ठणठणीत होती. टोकं थोडी जळालेली, एवढंच.

आम्ही पंपाचं झाकण काढलं. गाळणीच्या जाळीत आणि टाकीच्या तळाच्या कोपऱ्यात निळसर हिरवा साका होता, चिमूटभर. एकदा विसळून तो निघत नाही. बोर्डोतलं तांबं चुन्यामुळे न विरघळणाऱ्या रूपात असतं, म्हणूनच ते पावसातही झाडाच्या सालीला चिकटून राहतं. आमच्या बोअरच्या अल्कधर्मी पाण्यातही ते विरघळलं नसतं, निदान इतकं तरी नाही. पण आक्का त्यात लिंबूसत्व टाकत होती, माझ्या सांगण्यावरून. आम्लात ते तांबं सुटतं.

हे नुसतं म्हणून चालणार नव्हतं. बोर्डो बरोबर जमलं का ते पाहण्याची शेतकऱ्यांची एक जुनी रीत आहे : घासून लख्ख केलेला विळा किंवा चाकू मिश्रणात बुडवायचा. पात्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, अजून चुना पाहिजे. दाजींनी हे हजारदा केलेलं. आम्ही तीन ग्लास घेतले. पहिल्यात बोअरचं पाणी आणि तळातला साका. दुसऱ्यात तेच, पण लिंबूसत्वासह. तिसऱ्यात बोअरचं पाणी आणि लिंबूसत्व, साका नाही. प्रत्येकात पॉलिशपेपरने घासलेला एक खिळा टाकला आणि चहा करून घेतला. अर्ध्या तासाने पहिला आणि तिसरा खिळा काळपट राखाडी होता. दुसऱ्या खिळ्याला तळापासून बोटाच्या एका पेरापर्यंत लालसर मुलामा चढलेला. आक्काने तो खिळा बाहेर काढून पदराला पुसला, पुन्हा पाहिला, आणि काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मी माझ्या हातानं पाजलं म्हणायचं."

मी तिला सांगितलं की पाजायला मीच सांगितलं होतं. दाजी म्हणाले की पंप त्यांनी नीट धुतला असता तर दोघींवर ही वेळ आली नसती. तिघांचंही खरं होतं. तीन साध्या, आपापल्या जागी बरोबर गोष्टी एका पंपात एकत्र आल्या होत्या.

पोंगा मेला तरी

त्याच दुपारी ३१ कुंड्या एकेक करून उलट्या केल्या. पोंग्यातलं पाणी पूर्ण ओतून दिलं, बिसलरीच्या वीस लिटरच्या जारमधलं पाणी भरून पुन्हा ओतलं, असं तीनदा. गावात दुसरं मऊ पाणी त्या दिवशी मिळण्यासारखं नव्हतं. मेलेला गाभा बोटांनी उपटला, बुडाची कूज धारदार चाकूने पांढरा, कडक भाग लागेपर्यंत कोरून काढली. प्रत्येक झाडानंतर चाकू गॅसवर धरला. मग झाडं रात्रभर उलटीच ठेवली, म्हणजे खाचेत थेंब राहणार नाही. कुंडीतलं माध्यमही बदललं, कारण फवारा तिथेही झिरपला होता.

आता या झाडांचा स्वभाव समजून घ्यायला हवा. ब्रोमेलियाडचा एक पोंगा आयुष्यात एकदाच फुलतो. फुललं की तो नवं पान काढत नाही, आणि पुढच्या काही महिन्यांत, कधी दीडदोन वर्षांत, हळूहळू मरतो. मरता मरता बुडाशी पिल्लं सोडतो. केळीचं हेच असतं. घड पडला की ते झाड संपलं, पुढचा संसार मुनव्यांचा. नर्सरीतून फुललेली गुझमानिया आणून "पुन्हा फुललीच नाही" म्हणून फेकून देणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. (आणि तिचं ते लाल फूलही फूल नसतं, बोगनवेलीसारखी रंगलेली पानं असतात, खरी फुलं त्यातून डोकावणारी लहान पिवळी.) पण पिल्लं येण्यासाठी फुलावंच लागतं असं नाही. वाढीचा कोंब कोणत्याही कारणाने नष्ट झाला की पानांच्या बगलेतले झोपलेले डोळे जागे होतात. जाणकार लोक एखाद्या दुर्मिळ झाडाची पिल्लं लवकर हवी असतील तर मुद्दाम पोंग्याचा मध्य कोरून काढतात. तांब्याने आक्काच्या ओसरीवर नेमकं तेच, क्रूरपणे, केलं होतं. प्रश्न एवढाच होता की विष बुडातल्या डोळ्यांपर्यंत पोहोचलं का.

पुढचे दोन महिने मी दर पंधरवड्याला जात होते. गुझमानिया पाचही गेल्या आणि व्ह्रिसिया दोन्ही. निओरेगेलिया चार, बिलबर्जिया एक, एक्मिया एक. टिलँडसिया सोडून १३ झाडं. उरलेल्या १८ पैकी दोन निओरेगेलिया आणि दोन क्रिप्टँथस यांचा गाभा वाचला. क्रिप्टँथसला पोंगा नाही म्हणण्याइतकाच असतो आणि ती बाकड्याखाली होती. बाकी १४ झाडं म्हणजे मधे भोक पडलेली पानांची परडी. पाहुणे विचारायचे, ही कशाला ठेवलीत? आक्का त्यांना उत्तर देत नसे, पण तिने एकही उचलून टाकली नाही.

ऑगस्ट पूर्ण कोरडा गेला. त्या वर्षी देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट नोंदला गेला. आमच्याकडे सोयाबीन माना टाकत होतं. त्याच महिन्याच्या शेवटी एका बिलबर्जियाच्या बुडाशी, सुकलेल्या पानाच्या आत, हिरवं टोक दिसलं. गव्हाच्या अंकुरासारखं, पण जाड. आक्काने फोन करून एवढंच सांगितलं, "आलंय."

फेब्रुवारी २०२४ पर्यंत त्या १४ आईझाडांनी ४७ पिल्लं दिली. सात निओरेगेलियांची २४, चार बिलबर्जियांची १६, तीन एक्मियांची ७. फुलून मेलेलं झाड साधारण दोनतीन पिल्लं देतं, त्या मानाने हे जास्त होतं.

पिल्लू वेगळं करणं हे कापण्यापेक्षा वाट पाहण्याचं काम आहे. सप्टेंबरमध्ये घाई झाली. चार पिल्लं वीतभरही नसताना काढली आणि चारही सुकली, कारण लहान पिल्लाला स्वतःचं मूळ नसतं आणि पोंगाही पाणी धरण्याइतका घडलेला नसतो. त्यानंतर नियम केला : आईच्या निदान एकतृतीयांश उंचीचं, जमल्यास निम्म्याचं होईपर्यंत हात लावायचा नाही. काढताना झाड कुंडीतून पूर्ण बाहेर घ्यायचं. पिल्लू जिथे आईला जोडलेलं असतं तो देठ चाचपून शोधायचा. निओरेगेलियात तो करंगळीएवढा लांब आणि लाकडासारखा टणक असतो, एक्मियात पिल्लू आईला इतकं चिकटून असतं की पानांच्या मधे चाकूचं टोक घालून अंदाजानेच कापावं लागतं. आईच्या जितकं जवळ कापता येईल तितकं कापायचं, म्हणजे पिल्लाबरोबर बुडाचा जाड भाग येतो आणि मुळं तिथूनच फुटतात. मग दोन दिवस सावलीत उघडं ठेवायचं. काप सुकला, हाताला कोरडा कागदासारखा लागला, की लावायचं.

लावायचं म्हणजे पुरायचं नाही. आमच्याकडे रोप म्हटलं की हात आपोआप काळ्या मातीकडे जातो, आणि काळी माती या झाडाला मारक आहे. ती पाणी धरते, सुकली की आवळते, वरून अल्कधर्मी. आम्ही नारळाच्या सोडणाचे बोटभर तुकडे, कोळसा आणि भाजक्या विटेचे खडे घेतले. सोडण दोन दिवस भिजत घालून पाणी तीनदा बदललं, कारण त्यातही क्षार असतात. कुंडी चार इंची, मोठी नाही. पिल्लाचं बूड माध्यमाला जेमतेम टेकेल एवढंच, आणि हलू नये म्हणून काडीला सुतळीने बांधलं. हललं की नवं मूळ तुटतं. पोंग्यात दोन चमचे पाणी. खत काही नाही. निओरेगेलियाला नत्र मिळालं की लाल रंग उतरून ती पालकाच्या भाजीसारखी हिरवी होते. पाचसहा आठवड्यांनी पिल्लू हळूच हलवून पाहिलं आणि त्याने अडवलं, की मूळ धरलं.

थंडीत काढलेल्यांना मुळं धरायला जास्त दिवस लागले. माझं मत आता असं आहे की मराठवाड्यात पिल्लं श्रावण-भाद्रपदात काढावीत. हवेत दमटपणा असतो, रात्री फार गार नसतात आणि पुढे उन्हाळ्याआधी सहा महिने हातात राहतात.

पाणी कुठून

लिंबूसत्व बंद झालं. आरओचं पाणी घरात नव्हतं, आणि एक लिटरसाठी दोनतीन लिटर फेकून देणं दाजींना त्या वर्षी तरी सहन झालं नसतं. उरला पाऊस. आक्का म्हणाली, इथं माणसाला पाऊस नाही अन् झाडाला कुठून आणू? २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं ते पाहिलेल्या माणसांचा हा प्रश्न आहे, त्याला आकड्यानेच उत्तर द्यावं लागतं.

आम्ही एका पोंग्याला लागणारं पाणी मोजलं. निओरेगेलियाला एका वेळी सरासरी १०० ते १५० मिलिलिटर. पन्नास झाडांना आठवड्याला सहासात लिटर, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. ऑक्टोबर ते मेअखेर ३५ आठवडे धरले तर तीनसव्वातीनशे लिटर. एक चौरस मीटर स्लॅबवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आक्काचा स्लॅब नव्वद चौरस मीटरचा आहे, त्यामुळे दहा मिलिमीटरची एक सर नऊशे लिटर देते. दोनशे लिटरचे दोन प्लास्टिक ड्रम भरायला एक बरी सर पुरते, आणि कोरड्या वर्षीही एवढी सर येतेच. पहिला पाऊस स्लॅब धुवायला सोडून दिला, दुसऱ्याचं पाणी घेतलं. तोंडाला दुहेरी मांजरपाट बांधलं. त्या पाण्याचा टीडीएस माझ्या मीटरवर २२ आला. पत्र्याच्या पन्हाळीचं पाणी घेऊ नये, जस्ताचा पत्रा असेल तर या झाडांच्या बाबतीत तीही जोखीमच.

ड्रम आणि पोंगे म्हटल्यावर डासांचा विचार आलाच. गावात डेंग्यूचे रुग्ण निघाले तेव्हा आशाताई घरोघर भांडी तपासत आल्या आणि ओसरीवर थबकल्या. त्यांचं बरोबर होतं. साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंड्याचा डास व्हायला आठदहा दिवस पुरतात. तेव्हापासून दर शुक्रवारी आक्का सगळ्या कुंड्या तिरप्या करून जुनं पाणी ओतते आणि नवं घालते. यात डासही जातात आणि साठलेले क्षारही. पोंग्यात तेलाचा थेंब कधीच टाकायचा नाही, तेलाने लव बुजते.

उन्हाबद्दल थोडक्यात सांगते. निओरेगेलिया, बिलबर्जिया, एक्मिया आपली पर्णरंध्रं रात्री उघडतात आणि दिवसा मिटून घेतात, निवडुंगासारखी. म्हणून ती आमचा ४२-४३ अंशांचा मे सोसू शकतात, सावली असली तर. गुझमानियाला हे जमत नाही. तिला दमट, मऊ हवा लागते आणि जालन्याच्या कोरड्या वाऱ्यात ती उभी राहत नाही. आक्काने पुन्हा गुझमानिया आणलेली नाही आणि आणू नये असंच मी सांगेन. मे २०२४ मध्ये आणखी दोन पिल्लं गेली, दोन्ही पश्चिमेच्या कोपऱ्यातली. ४१ राहिली.

अर्धापुरी केळी

जानेवारी २०२५ मध्ये एक्मियाचं एक पिल्लू पंधरा महिन्यांचं, भरगच्च, रुपेरी पट्ट्यांचं झालं होतं. आक्काला ते फुललेलं पाहायचं होतं. एकोणिसाव्या शतकात अझोर्स बेटांवर अननसाच्या काचघरात धूर झाला आणि झाडं एकदम फुलली, तिथून ही युक्ती लोकांना कळली. धुरातला इथिलीन वायू तो इशारा देतो. पिकलेलं फळही तोच वायू सोडतं. नांदेडहून आलेल्या अर्धापुरी केळ्यांतली दोन चांगली पिकलेली केळी घेतली, पोंगा पूर्ण रिकामा केला, झाड आणि केळी एका मोठ्या पारदर्शक पिशवीत बांधून आठ दिवस सावलीत ठेवली. पिशवी काढली तेव्हा काहीच दिसलं नाही. मार्चच्या शेवटी पोंग्याच्या तळाशी गुलाबी टोक आलं, आणि एप्रिलच्या मध्यात काटेरी गुलाबी तुऱ्यातून जांभळी निळी फुलं एकेक करून उघडली. तुरा जुलैपर्यंत टिकला. पूर्ण वाढ झालेल्या झाडावरच हे करावं. छोटं पिल्लू केळ्यांच्या टोपलीशेजारी राहिलं तर अवेळी फुलून खुरटतं.

त्या एक्मियाच्या बुडाशी आता तीन पिल्लं आहेत. पंपावर दाजींनी पांढऱ्या ऑइलपेंटने "बाग" लिहिलं आहे आणि ओसरीसाठी दोन लिटरचा हातपंप वेगळा आणला आहे. तो खिळा आक्काने शोकेसमध्ये लेकरांच्या फोटोशेजारी ठेवला आहे. गावातल्या चार घरांत तिची निओरेगेलिया गेली. पिल्लू न्यायला आलेल्या बाईच्या हातात ती कुंडीबरोबर ड्रममधल्या पावसाच्या पाण्याची एक बाटली देते आणि उंबऱ्यापर्यंत जाऊन सांगते, "हे संपायच्या आत मला विचारायला यायचं बरं का."